बोटभर

पावसाळा संपता संपता, एका सकाळी खडकवासल्याच्या धरणाकडे जाणाऱ्या चढावर मी सायकल हातात धरून चालत होते. चढ काही फार मोठा नाही. मोटारीतून जाताना तो चढ आहे हेही कोणाच्या लक्षात येत नाही. बोलता बोलता गिअर बदलला जातो आणि उजव्या हाताला पाणी दिसू लागते, एवढेच. पण सायकलवर आलेल्या माणसाला रस्त्याचा वीतभर उंचवटासुद्धा मांड्यांतून कळतो, आणि त्या दिवशी माझ्या मांड्यांनी अर्ध्या चढावरच माघार घेतली होती. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला काचत होता, चष्म्यावर वाफ धरली होती आणि आपण इथे चालतो आहोत ते मुद्दाम, हवा खाण्यासाठी, असा चेहरा करण्याचा मी आटोकाट प्रयत्न करीत होते. तेवढ्यात मागून तेल न घातलेल्या चेनची कुरकुर ऐकू आली. साठी ओलांडलेले एक गृहस्थ जुन्या काळ्या सायकलवरून वर येत होते. अंगात सुरक्षारक्षकाचा फिकट निळा शर्ट, हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी, चेनमध्ये अडकू नये म्हणून पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला. रात्रपाळी संपवून ते घरी निघाले असावेत. सीटवरून न उठता, अंग किंचित डावी-उजवीकडे टाकत ते माझ्या शेजारून पुढे गेले, आणि जाताना त्यांनी माझ्याकडे नव्हे, माझ्या सायकलकडे पाहिले.

“ताई, सीट लई खाली हाय तुमची. वर घ्या. गुडघं जातील.”

एवढे बोलून ते निघूनही गेले. त्या बोलण्यात ना उपदेश होता ना कुचेष्टा. रस्त्याने जाणाऱ्याला कोणी ‘स्टँड वर घ्या’ म्हणून सांगावे तसे ते सांगणे होते. तरीही ते वाक्य माझ्या मनातून जाईना. धरणापाशी पोहोचून पाणी प्यायले, परत फिरले, उतारावर ब्रेक दाबून दाबून तळहात दुखले, घरी येऊन पोहे केले, आणि मोहरी तडतडत असतानाही ते वाक्य डोक्यात होतेच. कारण त्या गृहस्थांनी नेमके तेच पाहिले होते जे मी कोणाला सांगितलेले नव्हते. सीट खाली आहे हे मला ठाऊक होते. ती मीच खाली ठेवली होती.

सीट वर घेतली असती तर माझे पाय जमिनीला टेकले नसते.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकणाऱ्या बाईला पाय टेकण्याचे महत्त्व किती असते, हे ज्याला आठव्या वर्षी सायकल आली त्याला समजावून सांगणे अवघड आहे. त्यातून मी पुण्यात राहणारी. या शहरात दुचाकी न येणारी बाई हा जरा संशयाचाच विषय असतो. लग्न होऊन मी १९९९ साली इथे आले तेव्हा स्कार्फने तोंड बांधून, कोपरापर्यंत हातमोजे घालून गर्दीतून वाट काढणाऱ्या मुली पाहून मी थक्क झाले होते. मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय सोडून बसत असे, एक हात त्याच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. पुढे मोटार आली आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला. “तुम्हाला गाडी नाही येत?” असे कोणी विचारलेच तर माझ्याकडे तीन उत्तरे तयार असत. शिकायला वेळच मिळाला नाही, डोळ्यांचा नंबर मोठा आहे, आणि ह्यांना काळजी वाटते. यांतले तिसरे तर धडधडीत खोटे होते. ह्यांनी मला शिकवण्यासाठी दोनदा मैदानावर नेले होते आणि दोन्ही वेळा मीच डोके दुखत असल्याचे सांगून परतले होते.

खरे उत्तर सांगलीत होते. मी दहा वर्षांची असताना आजोळच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने आकडे घातलेल्या सायकली भिंतीला टेकून उभ्या असत, आणि त्यांतल्या दोन लहान सायकलींसाठी रविवारी पोरांची झुंबड उडत असे. दुकानात सोल्युशनचा आणि वंगणाचा वास भरलेला असायचा. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधणारे दुकानदार मान वर न करताच नाव विचारत आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघून वहीत वेळ टिपत. तासाला आठ आणे. मामेभाऊ कॅरिअर धरून मागे पळत होता आणि मी दर दहा पावलांवर “सोडू नकोस हं” म्हणत होते. “धरलंय, धरलंय,” असे तो म्हणत होता, आणि काही वेळाने माझ्या लक्षात आले की ते ‘धरलंय’ फार लांबून ऐकू येते आहे. त्याच क्षणी मी वळून पाहिले. सायकल मी पाहिले त्या दिशेला वळली आणि आम्ही दोघी पानपट्टीशेजारी रचून ठेवलेल्या सोड्याच्या रिकाम्या बाटल्यांवर जाऊन आदळलो. आवाज प्रचंड झाला. गुडघ्यावर तांदळाच्या दाण्याएवढा व्रण अजून आहे, पण ती वेदना मला आठवत नाही. आठवते ते पानपट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसांचे हसणे, आणि वर गेलेला फ्रॉक खाली ओढताना हाताला लागलेली धूळ.

आजीने जखमेवर हळद दाबली आणि म्हणाली, “झालं तेवढं पुरे.” मला कोणी बंदी घातली नाही. घातली असती तर कदाचित मी बंड केले असते आणि आज ही गोष्ट निराळी असती. पुढच्या रविवारी मला कोणी बोलावले नाही आणि मीही विचारले नाही, इतकेच. त्या तासातली उरलेली वीस मिनिटे मामेभावाने चालवून वसूल केली. ओसरीवर बसून त्याला पाहताना मला हेवा वाटायला हवा होता, पण वाटला तो सुटकेचा आनंद. ती सुटका पुढे सदतीस वर्षे मला पुरली.

मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि तिची एकवीस गिअरची सायकल आमच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी राहिली. वापरात नसलेल्या सायकली हलवाव्यात अशी सूचना सोसायटीच्या फलकावर लागली, तेव्हा ती विकून टाकावी असे ठरले. एक तरुण पाहायला आला. त्याने टायर अंगठ्याने दाबून पाहिले, चाक उचलून फिरवले आणि म्हणाला, “मॅडम, एक चक्कर मारून दाखवता?” मी म्हटले, तूच मार. त्याने मारली, किंमत पाडून मागितली, आणि सौदा फिसकटला. तो गेल्यावर मी सायकलजवळ तशीच उभी राहिले. माझ्याच घरातली वस्तू चालते की नाही हे मी दाखवू शकत नव्हते, ही गोष्ट किंमत पाडून मागण्यापेक्षाही जास्त लागली. सायकल विकायची नाही, असे मी संध्याकाळी जाहीर केले. का, ते सांगितले नाही.

कोपऱ्यावर पंक्चर काढणारे मामा माझे गुरू झाले. मला वाटले होते की ते लहान मुलांच्या सायकलला असतात तशी आधाराची चाके सुचवतील. त्यांनी पाना काढला आणि दोन्ही पायडलेच काढून टाकली. डावे पायडल काढताना पाना उलटा फिरवावा लागतो, कारण त्याचे आटे उलटे असतात, हे मला त्या दिवशी कळले. मग त्यांनी सीट पार खाली बसवली आणि म्हणाले, “आता बसा, आणि पायांनी ढकलत जा. चालवायचं नाही, ढकलायचं.” दोनशे वर्षांपूर्वीची पहिली सायकल अशीच होती हे मी नंतर वाचले. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन गृहस्थांनी १८१७ साली मानहाइममध्ये जे लाकडी दुचाकी वाहन चालवून दाखवले त्याला पायडले नव्हतीच. स्वार त्यावर बसून जमिनीला पायांनी रेटा देत पुढे जाई. पायडले यायला आणखी चार-पाच दशके लागली. म्हणजे सकाळी साडेपाच वाजता आमच्या पार्किंगमध्ये मी सुमारे १८१७ सालात होते. या विचाराने मला थोडा धीर येत असे, पण तो दूधवाला येईपर्यंतच टिकत असे. दुसऱ्या मजल्यावरच्या एका चिमुरड्याने तर मला गंभीरपणे विचारले होते, “काकू, तुमच्या सायकलचे पॅडल चोरीला गेले का?”

सगळे म्हणतात ‘बॅलन्स’ यावा लागतो, जणू तो कुठून तरी यायचाच असतो आणि आपण दार उघडे ठेवून बसायचे असते. प्रत्यक्षात जे शिकावे लागते ते भलतेच आहे. सायकल डावीकडे पडू लागली की हँडल डावीकडे, म्हणजे पडण्याच्याच दिशेने, वळवायचे. चाके तोलाखाली येतात आणि सायकल सावरते. अंगाला हे पटत नाही. अंगाचे म्हणणे असते की डावीकडे पडतो आहोत तर उजवीकडे पळ काढावा, आणि तसे केले की आपण हमखास आपटतो. मामा एवढेच म्हणाले होते, “जिकडं पडतीया तिकडं जाऊ द्या तिला.” पुढे एका रात्री यासंबंधी वाचताना मला समजले की हा प्रश्न भल्याभल्यांना पडलेला आहे. फिरत्या चाकांमुळे सायकल भोवऱ्यासारखी उभी राहते, असे पुष्कळ लोक मानत. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने कोणालाही चालवता येणार नाही अशी सायकल बनवण्याचा चंगच बांधला, आणि उलट्या दिशेने फिरणारे जादा चाक लावून चाकाचा तो परिणाम पुसून टाकला. तरीही ती सायकल चालवता आली; १९७० साली त्याने हे सगळे लिहून प्रसिद्ध केले. पुढे २०११ साली अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याहूनही विचित्र सायकल बनवली, आणि ढकलून सोडली की तीही आपली आपण तोल सांभाळत जाई. कारणांची अगदी शेवटची गाठ त्यांनाही पुरती सुटलेली नव्हती. पण पडण्याच्या दिशेने वळणे हे त्या सावरण्याच्या मुळाशी आहे, इथपर्यंत ते आणि आमचे मामा यांचे एकमत होते.

एकविसाव्या दिवशी मामांनी पायडले परत बसवली. सीट मात्र मी वर घेऊ दिली नाही.

पार्किंगमधून रस्त्यावर आले आणि अंगाच्या तक्रारी सुरू झाल्या. पहिली तक्रार अर्थातच बैठकीची. सायकलवर चाळीस मिनिटे बसल्यावर माणसाला कळते की आपण आयुष्यभर मांडीवर, उशीवर, गादीवर बसत होतो. हाडांवर कधी बसलोच नव्हतो. बैठकीची दोन हाडे म्हणजे नेमकी कुठे, हे बोट ठेवून दाखवता येईल इतके स्पष्ट होते. दुसऱ्या दिवशी देवघरापुढच्या पाटावर बसतानाही मी हळूच ‘आई गं’ म्हणाले आणि नवऱ्याने पेपरातून डोके वर काढले. मोठी अडचण पुढेच होती. हे दुखणे सांगायचे कोणाला आणि कोणत्या शब्दांत? गुडघा दुखतो, पाठ दुखते, खांदा भरून येतो, हे चारचौघांत सांगता येते. त्यावर ओवा, बाम, शेक असे सल्ले मिळतात. पण शरीराचा एक सबंध भाग असा आहे की त्याच्यासाठी आपल्याकडे एक तर अतिशय शास्त्रीय शब्द आहेत, नाही तर शिव्या. मधला, दुकानात उच्चारता येण्याजोगा शब्द नाही. सायकलच्या दुकानात मी “जरा त्रास होतो” इतकेच म्हणाले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आंटी, जेलचं कव्हर घ्या,” आणि त्याने लोण्यासारखे मऊ कव्हर काढून दिले.

त्या मऊ कव्हरने दुखणे वाढले. कारण उघड होते, पण ते कळायला मला महिना लागला. गादी फार मऊ असली की हाडे तिच्यात रुतून बसतात आणि त्यांच्यामधला नाजूक भाग दाबला जातो. भार हाडांवर राहावा म्हणून सीट थोडी टणकच बरी असते, फक्त ती आपल्या हाडांच्या रुंदीची हवी. बायकांची ही रुंदी बहुधा जास्त असते, म्हणून त्यांना निमुळती सीट बोचते. हे मला अखेर मुलीने फोनवर सांगितले. तिने ते इतक्या निःसंकोचपणे सांगितले की मी उठून खोलीचे दार लोटून घेतले. पॅड असलेली चड्डी घ्यायची आणि तिच्या आत दुसरे काही घालायचे नाही, कारण शिवण घासते, हेही तिनेच सांगितले. “आत काहीच नाही?” मी दोनदा विचारले. ती चड्डी पहिल्यांदा घालून, वर सैल सलवार चढवून लिफ्टने खाली जाताना सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि मी त्यांच्याकडे न बघता लिफ्टमधले आकडे वाचत राहिले. काचणाऱ्या जागी खोबरेल लावावे ही भर मात्र माझी स्वतःची. या गोष्टी मी इथे लिहिते आहे याचे माझे मलाच नवल वाटते. पण मला त्या कोणी तरी आधी सांगितल्या असत्या तर तो महिना वाचला असता.

बाकीची दुखणी मानाने सभ्य होती. अर्ध्या तासानंतर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होई, कारण भीतीने मी हँडल असे आवळत असे की तळहाताच्या कडेची शीर दबून जाई. कोपरे सैल सोडली की मुंग्या येणे थांबे, पण कोपरे सैल सोडण्याची आठवण मुंग्या आल्यावरच होई. मागून बसचा हॉर्न वाजला की माझे खांदे कानाला टेकत. मागे वळून बघण्याची तर सोयच नव्हती, कारण नजर जाईल तिकडे हँडल जाते हे मला सांगलीपासून माहीत होते. रस्त्यातल्या खड्ड्याचेही तेच. खड्ड्याकडे ‘यात जायचे नाही’ असे म्हणत टक लावून बघितले की सायकल आज्ञाधारकपणे त्यातच जाते. बघायचे ते खड्ड्याच्या बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे. कुत्र्यांवर उपाय म्हणजे शांतपणे उतरावे, सायकल मध्ये धरावी आणि चालू लागावे. धावणे थांबले की बहुतेक कुत्र्यांचा उत्साहही मावळतो. हे सगळे हळूहळू जमत गेले. कुठल्या दिवशी जमले ते सांगता येणार नाही, कारण जमले तेव्हा ते लक्षातच आले नाही.

गुडघे मात्र दुखतच राहिले. वाटीच्या पुढच्या बाजूला, जिने उतरताना कळ यावी तसे. मी वयाला दोष दिला, कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, गरम पाण्याची पिशवी घेतली. सीट खाली असली की पाय कधी पुरता सरळच होत नाही, गुडघा सतत दुमडलेल्या अवस्थेत जोर लावतो आणि सगळा ताण वाटीवर येतो, हे कुठे तरी वाचलेही होते. पण वाचलेले आणि ऐकून घेतलेले यांत फरक असतो. त्या चढावर त्या गृहस्थांनी ते ऐकवले.

त्याच दुपारी मी पार्किंगमध्ये जाऊन भिंतीचा आधार घेत सायकलवर बसले आणि मुलीने सांगितलेली परीक्षा केली. पायडल सर्वांत खाली आणायचे, त्यावर टाच ठेवायची. पाय अगदी सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की गुडघ्यात किंचित बाक राहतो, तो योग्य. माझा गुडघा खुर्चीवर बसल्यासारखा वर आलेला होता. सीट निदान तीन इंच वर जायला हवी होती. मी खटका उघडला, नळी वर ओढली, बसले, आणि पायांखाली जमीन नाही हे जाणवताच पोटात जो गोळा आला तो थेट १९८६ सालचा होता. दोन्ही हातांनी भिंत धरून मी खाली उतरले आणि सीट होती तिथे परत नेऊन ठेवली.

मग मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. सीटची नळी जिथे सांगाड्यात शिरते तिथे नेलपॉलिशने एक बारीक लाल रेघ ओढली, आणि ठरवले की दर आठवड्याला बोटभर, एका बोटाच्या रुंदीइतकीच, वर जायचे आणि तिथे नवी रेघ ओढायची. बोटभर उंचीला काय घाबरायचे? पहिल्या आठवड्यात पाऊल पूर्ण टेकत होते, दुसऱ्यात चवडा, तिसऱ्यात नुसती बोटे. बोटांवर तोल सांभाळत सिग्नलला उभी राहिलेली मी भरतनाट्यमच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थिनीसारखी दिसत असणार. चौथ्या आठवड्यात बसून थांबणे अशक्य झाले आणि मला थांबणे नव्याने शिकावे लागले. एक पायडल खाली आणायचे, त्यावर उभे राहायचे, सीटवरून पुढे सरकून उतरायचे, सायकल थोडी कलती करायची आणि मग दुसरा पाय जमिनीवर. सायकलवाल्यांच्या पायांत हे इतके भिनलेले असते की आपण थांबताना सीट सोडतो हे त्यांना सांगितले तरी खरे वाटत नाही. मी ते पार्किंगमधल्या खांबापाशी शंभर वेळा तरी घोकले. खाली, उभे, पुढे, कलते, पाय.

त्या दिवसांत माझ्या मनात एक खुळा प्रश्न घोळत असे. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगाच्या फेरीला निघाले, आणि त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली सुमारे ७१ हजार किलोमीटर पार करून परत आले. वाळवंटे, जंगले, बर्फ, हे सारे ऐकून आपण थक्क होतो. मला मात्र विचारावेसे वाटे की पहिल्या आठवड्यात, मुंबई मागे पडल्यावर, तुम्हाला बसवत होते का? आणि बसवत नसेल तर ते तुम्ही एकमेकांना सांगितले का, की सहाही जण गप्प राहून मुकाट पायडल मारत होतात? मोठ्या प्रवासाच्या गोष्टींत हा भाग सहसा येत नाही.

गुडघे थांबले. तिसऱ्या की चौथ्या रेघेच्या सुमारास एके दिवशी जिना उतरताना कळ आली नाही, आणि पुढेही आली नाही. चढाचेही रूप पालटले. पूर्वी मी चढ अंगावर येईपर्यंत वाट पाहत असे आणि पाय थिजल्यावर गिअर बदलत असे. मग चेन कडकडा ओरडे आणि सायकल जागीच थांबे. आता चढाच्या आधीच, पाय मोकळा असताना, हलका गिअर घालायचा आणि पायांचा वेग कमी होऊ द्यायचा नाही, हे समजले होते. त्या गृहस्थांना भेटून हे सांगावे असे मला फार वाटे. मी त्याच वेळी, त्याच रस्त्याने जात राहिले, पण ते दिसले नाहीत. पाळी बदलली असेल, नोकरी बदलली असेल. त्यांचे नावही मला ठाऊक नव्हते. प्रत्येक निळ्या शर्टाकडे मी बघू लागले आणि तेव्हा कळले की सकाळी सहा ते सातच्या मध्ये या रस्त्यावर निळे शर्ट किती असतात. आम्ही हेल्मेट आणि पाण्याची बाटली घेऊन सायकलवर व्यायामाला निघतो तेव्हा कामावरून परतणारी ही माणसे काळ्या सायकलींवर आमच्या शेजारून जात असतात. एकेकाळी हे सगळे शहरच त्यांच्यासारखे जात-येत होते.

यश आले की माणूस थोडा माजतो. तीन इंच पुरे झाले होते, पण मी सहावी रेघ ओढली, आणि पुढच्या आठवड्यात सातवीही. उंच सीटवरून जाताना आपण खऱ्या सायकलस्वारासारखे दिसतो असे मला वाटू लागले होते. खालच्या पायडलला पोहोचण्यासाठी कंबर डावी-उजवी होत होती, गुडघ्याच्या मागच्या बाजूला, लवणीत, काही तरी ओढल्यासारखे वाटत होते. पण वाटीचे दुखणे संपल्याच्या आनंदात त्याची दखल कोण घेणार?

माघ संपत आला होता तेव्हाच्या एका रविवारी मी तो चढ न उतरता पार केला. वर पोहोचले तेव्हा छाती फुटेल की काय असे वाटत होते आणि पाण्यावर धुके होते. धरणाकाठच्या बऱ्याच टपऱ्यांवर अजून ताडपत्र्या होत्या, पण एकीवर कढई तापली होती आणि कांदाभज्यांचा वास सुटला होता. मी मोठ्या दिमाखात टपरीसमोर आले, ब्रेक दाबला, आणि त्या आनंदात ‘खाली, उभे, पुढे, कलते, पाय’ यांतले काहीही न करता सीटवर बसूनच डावा पाय जमिनीकडे सोडला. जमीन तिथे नव्हती. सायकल थांबलेलीच होती, त्यामुळे आम्ही पडलोही अगदी सावकाश, एखादे जुने झाड पडावे तसे. हिरव्या मिरच्यांची पाटी उलटली. भजी खाणारी चार-पाच तरुण मुले आधी दचकली, मग एकाला हसू फुटले आणि ते बाकीच्यांना लागले. मी रस्त्यावर आडवी, एक पाय सायकलखाली, आणि त्या हसण्याची वाट पाहत असल्यासारखी पडून होते. ते आले, माझ्यावरून गेले. फ्रॉक नव्हता, खाली ओढायला काही नव्हते. टपरीवाल्या मावशी झारा हातात घेऊनच बाहेर आल्या आणि “लागलं का ओ बाई?” म्हणाल्या. कोपर खरचटले होते. मी मिरच्या गोळा करू लागले तेव्हा हसणाऱ्यांतलेच दोघे खाली बसून मदत करू लागले.

कोपरावर पाणी ओतत असताना चेनची ती ओळखीची कुरकुर ऐकू आली. तेच होते. तीच पिशवी, तसाच मोज्यात खोचलेला पाय. शर्ट मात्र आता खाकी होता; मी इतके दिवस चुकीचा रंग शोधत होते. त्यांनी मला ओळखले असेल असे वाटत नाही. पण भिंतीला टेकवलेल्या माझ्या सायकलपाशी त्यांचा वेग मंदावला, एक पाय अलगद जमिनीवर आला, आणि धुळीने माखलेल्या सीटकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. मी कौतुकाची वाट बघत ओले कोपर धरून उभी होते.

“ताई, बोटभर खाली घ्या,” ते म्हणाले. “लई वर गेली.”

ते गेले. मी खटका उघडला, सीट खाली दाबली आणि सातवी रेघ दिसेनाशी झाली. मग थोडा विचार करून सहावीही आत घातली.